कॉइलला दोष देण्याआधी

बाळा,

टिमिन्सला नोकरीवर रुजू झालास आणि हिवाळा तोंडावर आला तशी बर्फावर चालणारी जुनी स्की-डू घेतलीस, हे तुझ्या आईनं सांगितलं. तिला काळजी वाटते, मला आनंद झाला. दोन सिलिंडरची, पंख्यानं थंड होणारी, दोरी ओढून चालू करायची टू-स्ट्रोक गाडी हाताखाली आली की माणूस खूप शिकतो. आता तुझा निरोप आलाय: दोरी ओढून खांदे भरून आले, ठिणगी येत नाही, कॉइल गेली असणार, नवी मागवतो. थांब जरा. इथे सडबरीत शेजारपाजारच्या गाड्या उघडताना मी पाहिलंय, लोक ज्या कॉइली काढून टाकतात त्यांतल्या कितीतरी धडधाकट असतात. खरी खोड एखाद्या गंजलेल्या बोल्टखाली नाहीतर हँडलवरच्या लाल बटणात दडून बसलेली असते.

आधी विजेची वाट डोक्यात पक्की कर. तुझ्या गाडीला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. दोरी ओढलीस की फ्लायव्हीलमधले चुंबक फिरतात, आतल्या स्टेटरच्या वेटोळ्यांत वीज तयार होते, ती सीडीआयच्या डबीत क्षणभर साठते आणि ट्रिगरनं इशारा दिला की कॉइलमध्ये एकदम सुटते. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि अगदी बारीक तारेचे हजारो वेढे. त्या जोरावर काहीशे व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात आणि जाड वायरीतून, कॅपमधून जाऊन प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. म्हणजे या वाटेवर कॉइल अगदी शेवटाकडे. वीज तिच्या दारापर्यंत पोचलीच नाही तर तिनं तरी काय करायचं?

आता एकेक घे. घाई नको, बर्फ कुठे पळून जात नाही.

१. पहिली वायर सोडवण्याआधी फोनवर फोटो काढ, एक लांबून, दोन-तीन जवळून – काजळी बसलेल्या वायरींत काळी कोणती आणि तपकिरी कोणती, हे सुटल्यावर ओळखू येत नाही.

२. पेट्रोलची तोटी बंद कर, गॅरेजचं दार उघड, ज्योतीचा हीटर विझव – आपण ठिणगी शोधायला निघालोय, ती पेट्रोलच्या वाफेला आधी सापडायला नको.

३. ठिणगी बघताना प्लग किंवा जाड वायर हातात धरायची नाही, रबरी हातमोज्यांवरही भरवसा ठेवायचा नाही – तिथे वीस हजार व्होल्ट आणि त्याहून वरचा दाब असतो, आणि दचकून मागे आलेला हात नेमका धारदार पत्र्यावर आपटतो. कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर त्याला तेवढा वेळ घरातच बसव.

४. ठिणगी बघण्यापुरती दोरी गॅरेजात ओढलीस तर चालेल, पण इंजिन चालू करायचं ते अंगणात – कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि उणे वीसच्या थंडीत दार लोटून घ्यायचा मोह फार वाईट.

इथून पुढे शोध. माझा क्रम ठरलेला आहे: फुकटाची चौकशी आधी, पैशाची मागाहून, आणि पाकिटाला हात सगळ्यांत शेवटी.

५. हँडलवरचं लाल बटण दहा-बारा वेळा वर-खाली कर, स्वाराला दोरीनं बांधायची टेदरची टोपी काढून परत बसव, चावी फिरवून बघ – बटण बाहेरून 'चालू' दिसतं, आत मात्र ओल आणि गंजानं चिकटून बसलेलं असतं.

६. तरीही ठिणगी नसेल तर वायरिंगचा नकाशा समोर ठेवून किल स्विचचा, म्हणजे त्याच लाल बटणाचा, जोड सीडीआयपासून सुटा कर आणि पुन्हा बघ – जुन्या गाड्यांत बहुधा बटण दाबलं की ती वायर अर्थला टेकते आणि सीडीआय गप्प होतो. जोड सुटल्यावर ठिणगी आली तर कॉइल निर्दोष सुटली. काही गाड्यांत रचना याच्या उलट असते, म्हणून नकाशाशिवाय तिथे हात घालू नकोस.

७. पाहून झालं की तो जोड त्याच घडीला परत लाव आणि इंजिन चालू झाल्यावर बटणानं आणि टेदरनं ते खरंच बंद होतं का, हे आधी तपास – स्वार पडला तरी टेदर नसलेली गाडी पुढे धावत राहते. अलीकडच्या स्की-डूंच्या टेदरमध्ये कोड असतो; मित्रानं तसली गाडी आणली तर तिच्या या वायरींच्या वाटेला जाऊ नकोस.

८. मित्राची जुनी पोलारिस किंवा आर्क्टिक कॅट असेल तर थ्रॉटलच्या अंगठ्याजवळचा सुरक्षा स्विचही बघ – थ्रॉटल बर्फानं अडकला तर इंजिन बंद करायला तो ठेवलेला असतो, आणि केबल ढिली पडली की तो उगीचच ठिणगी तोडतो.

९. प्लग नवे घाल; घासूनपुसून ठेवलेले जुने नकोत – तेलानं भिजलेल्या प्लगची वरची काजळी ब्रशनं जाते, आत पोर्सेलीनला धरलेली तशीच राहते आणि करंट तिथूनच पळ काढतो.

१०. प्लगचा नंबर पुस्तकात असेल तोच घे, एका अक्षराचाही फरक चालवून घेऊ नकोस – एनजीकेच्या बीआर९ईएसमध्ये 'आर' म्हणजे आत रोध बसवलेला. तो नसलेला प्लग घातलास की ठिणगीचा गोंगाट सीडीआयला त्रास देतो. आणि नऊच्या जागी सात घातलास तर प्लग जास्त तापलेला राहतो, लांबच्या चढावर पिस्टनला भोक पडायची वेळ येते.

११. गॅप फिलर गेजनं मोज – नवा प्लगही डब्यात आपटून दबलेला निघतो.

१२. कॅप ओढून काढू नकोस, डावीकडे पिळून काढ – तिच्या आतला स्क्रू वायरीच्या तांब्याच्या तारांत रुतलेला असतो. ओढलंस की तारा तुटतात आणि मग जी खोड नव्हती ती तूच लावलेली असते.

१३. वायरीचं टोक हिरवं किंवा काळं पडलं असेल तर पाच-सहा मिलिमीटर कापून टाक आणि कॅप पुन्हा पिळून बसव – 'गेली' म्हणून बाजूला ठेवलेल्या बऱ्याच कॉइली एवढ्यानं जाग्या होतात. कापल्यावर वायर ताणली जाणार नाही एवढी लांबी उरते ना, ते मात्र आधी बघ.

१४. कॉइलचा बोल्ट काढ. तिची पट्टी आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घास, आणि इंजिनची अर्थची वायर जिथे बसते तिथेही तेच कर – गंजाच्या दारात करंट थांबत नाही. हा सगळा खटाटोप बसून एका चहाच्या वेळात होतो, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त गाड्या याच एका पायरीवर सुरू झाल्या आहेत.

१५. हवेच्या डब्यात, पंख्याच्या आवरणाखाली आणि वायरींच्या जुडग्यापाशी उंदराचं घरटं बघ – उन्हाळाभर झाकून ठेवलेली गाडी म्हणजे त्यांना आयतं घर, आणि वायरीवरचं प्लास्टिक त्यांना कुरतडायला आवडतं. घरटं कोरडं झाडू नकोस. ब्लीचचं पाणी मारून ओलं कर, थोडा वेळ थांब आणि हातमोजे घालून उचल, कारण इथल्या डिअर माउसच्या विष्ठेतून हंताव्हायरस लागण्याचा धोका असतो.

१६. प्रत्येक प्लास्टिकचा जोड उघडून आत हिरवी पूड आहे का बघ, इलेक्ट्रिकल क्लीनर मारून वाळू दे आणि बंद करताना डायइलेक्ट्रिक ग्रीसचं अगदी थोडं बोट लाव – बर्फ वितळून आलेलं पाणी आत शिरायला जागा राहत नाही.

आता तू म्हणशील, मावशी, एका जुन्या गाडीसाठी एवढं? हो, एवढंच. ही गाडी मुळात मौजेसाठी जन्मली नाही. १९३४ च्या हिवाळ्यात क्वेबेकमधल्या व्हालकूरला जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांचा लहानगा मुलगा आजारी पडला. बर्फानं रस्ते बंद, त्याला वेळेत इस्पितळात नेता आलं नाही आणि पोर हातचं गेलं. बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या खटपटीत ते त्याआधीपासूनच होते. १९३७ साली त्यांना दातेरी चाक आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं, मोठ्या बंद गाड्या आधी आल्या, आणि एकट्यादुकट्यानं चालवायची स्की-डू आली १९५९ मध्ये. तू डिसेंबरात नाइट हॉक लेकवर मासे धरायला जाशील. पाचच्या आत सूर्य मावळतो, पारा उणे तीसकडे जातो, आणि तिथे दोरी ओढून ठिणगी आली नाही तर माणूस गारठतो. म्हणून तपास घरी करायचा, ऑक्टोबरात, हाताला बोटं आहेत हे जाणवतंय तोवर.

आता मीटर काढ.

१७. सर्व्हिस मॅन्युअल तुझ्याच गाडीच्या वर्षाचं आणि तुझ्याच इंजिनाचं मिळव – तेच नाव पुढच्या वर्षी दुसऱ्या इंजिनावर बसलेलं असतं. सीडीआयवाल्या कॉइलच्या जाड वेढ्याचा रोध बहुधा एका ओहमच्या आत असतो आणि बारीक वेढ्याचा काही हजार ओहम. पण तुझ्या कॉइलचा नेमका आकडा पुस्तकानंच सांगायचा.

१८. मोजण्याआधी कॉइल दोन्ही बाजूंनी सुटी कर – जोडलेली असली की मीटर बाकीच्या वायरिंगमधूनही वाट काढतो आणि भलताच आकडा दाखवतो.

१९. मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकव, जो आकडा येईल तो लिहून ठेव आणि मोजमापातून वजा कर – सुयांच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम भरतो, आणि जाड वेढ्याचा तुला मोजायचाय तोही जवळपास तेवढाच.

२०. जाड वेढा त्याच्या दोन लहान टोकांमध्ये मोज. टोक एकच असेल तर ते टोक आणि लोखंडी गाभा यांच्यामध्ये – साध्या मीटरवर इथे एवढंच कळतं की वाट तुटलेली नाही. दशांशावरून कॉइलशी भांडू नकोस.

२१. बारीक वेढा मोजताना दोन्ही कॅप काढ आणि एका जाड वायरीच्या टोकापासून दुसरीच्या टोकापर्यंत मोज – तुझ्या गाडीत एकच कॉइल दोन्ही प्लगना एकदम ठिणगी देते, आणि वेढ्याची दोन टोकं त्या दोन वायरींत निघतात. तिथून अर्थपर्यंत मोजलंस तर बहुधा काहीच दिसणार नाही आणि तू चांगल्या कॉइलला मेलेली ठरवशील.

२२. कॅप वेगळ्या मोज – रोधवाल्या कॅपमध्ये साधारण ५ किलोओहम असतात. कॅपसकट मोजलंस तर दोघींचे मिळून १० किलोओहम बिचाऱ्या कॉइलच्या नावावर चढतात. एका कॅपचा आकडा अनंत आला तर तुझा चोर सापडला, आणि तो अगदी थोड्या पैशांत बदलता येतो.

२३. नकाशात वेढा गाभ्याला जोडलेला दाखवला नसेल तर टोकापासून गाभ्यापर्यंतही मोज. मीटरनं अनंत दाखवायला हवं – काही आकडा आला तर आतलं आवरण फुटलंय. या वेळी सुया बोटांनी दाबून धरू नकोस, चिमटे लाव, नाहीतर ओलसर बोटांमधून तुझाच रोध मोजला जाईल.

२४. प्रत्येक आकड्याशेजारी त्या वेळचं तापमान लिही – इथल्या हवेत हे विसरणं सर्वांत महागात जातं.

या चोविसाव्यावर थोडं थांबते. पुस्तकातले आकडे बहुधा २० अंश सेल्सिअसचे असतात. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यानं बदलतो. म्हणजे २० अंशांना १० किलोओहम दाखवणारी कॉइल उणे २० ला साधारण ८.४ दाखवेल, आणि तिच्यात काहीही बिघडलेलं नसेल. थंडगार शेडमध्ये मोजून, 'रोध कमी आला, आत शॉर्ट आहे' असं ठरवून लोक दुकान गाठतात. तेव्हा कॉइल घरात आण. पण आणताना शेडमध्येच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांध आणि दोन-तीन तास पिशवी उघडू नकोस. उबदार घरातली ओल थंड वस्तूवर लगेच जमते. ती पिशवीच्या बाहेरच्या अंगावर जमू दे, कॉइलवर नको. मीटरलाही असंच जप. बोचऱ्या थंडीत त्याचे आकडे रेंगाळतात आणि त्याची बॅटरी मान टाकते.

आणखी एक गोष्ट, जी मनात पक्की रुजायला हवी. मीटरचा आकडा बरोबर आला म्हणजे कॉइल चांगली, असं होत नाही. मीटर मोजतो तो एखाद-दोन व्होल्टवर. कॉइलला काम करायचं असतं हजारो व्होल्टवर. मातीच्या घागरीची बारीक चीर रिकामी असताना दिसत नाही, भरली की झिरपते, तसं हे आहे. आकडा चुकला तर कॉइल दोषी. आकडा जुळला तर ती अजून संशयित, एवढंच. पुढची परीक्षा ठिणगीची.

२५. इंजिनमधले प्लग भोकातच राहू देत; कॅपमध्ये दुसरे सुटे प्लग बसव आणि त्यांची ठिणगी बघ – भोकं बंद राहतात, पेट्रोलची वाफ बाहेर येत नाही, आणि इंजिन चुकून चालू व्हायची भीतीही उरत नाही.

२६. सुट्या प्लगांचा धातूचा भाग दातेरी चिमट्याच्या वायरीनं सिलिंडरहेडला पक्का जोड, आणि दोन्ही प्लग जोडल्याशिवाय दोरीला हात लावू नकोस – या कॉइलचा करंट एका प्लगमधून जातो, हेडमधून फिरतो आणि दुसऱ्यातून परत येतो. एक वायर लोंबकळत ठेवलीस की दुसरीचीही ठिणगी मंदावते.

२७. कॅप हवेत मोकळी ठेवून दोरी कधीच ओढू नकोस – ठिणगीला जायला वाट नसली की ती कॉइलच्या आतलं आवरण नाहीतर सीडीआय फोडून वाट काढते. चांगली कॉइल तपासता तपासता मारायचा हा हमखास रस्ता.

२८. दोरी ठसक्यात, पूर्ण लांबीची ओढ – फ्लायव्हील संथ फिरलं तर सीडीआयपाशी पुरेशी वीजच साठत नाही, आणि अगदी नवी कॉइलही गप्प बसते.

२९. गॅप कमी-जास्त करता येणारा ठिणगी-टेस्टर घे आणि साधारण ६ मिलिमीटरवर ठेवून बघ – प्लगचा अर्धा-पाऊण मिलिमीटर उघड्या हवेत दुबळी कॉइलही ओलांडते. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते तेव्हा त्याच गॅपला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात.

३०. ठिणगी डोळ्यांनी बघ तशी कानानंही ऐक. निळी-पांढरी हवी आणि चटचट आवाज हवा – बारीक, पिवळसर, मुकी ठिणगी घरी चालेलशी वाटते, बर्फात दगा देते.

३१. एकाच प्लगची ठिणगी गेली असेल तर आधी त्या बाजूचा प्लग, कॅप आणि वायर बघ. दोन्हींची गेली असेल तर किल स्विच, अर्थ आणि स्टेटरकडे जा – एकाच वेढ्यातून दोन्ही ठिणग्या निघतात, तेव्हा दुखणं एकाच बाजूला दिसलं तर ते वेढ्याच्या पलीकडचं असण्याचा संभव मोठा. ज्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते तिथे दोन्हींची अदलाबदल कर. खोड कॉइलबरोबर पलीकडे गेली तर कॉइल, जागीच राहिली तर दुसरं काही.

३२. गाडी थंड असताना चालते आणि वीसेक मिनिटांनी बंद पडते, अशी तक्रार असेल तर बारीक वेढ्याला मीटर लावून ठेव आणि केस वाळवायच्या ड्रायरनं कॉइल हळूहळू तापव – रोध सावकाश थोडा वाढला तर ते तांब्याचं स्वाभाविक वागणं. आकडा उड्या मारायला लागला किंवा एकदम अनंत झाला तर आत तार तुटलीय आणि तापून फुगल्यावर टोकं सुटतायत. गॅसची ज्योत किंवा ओव्हन यासाठी वापरू नकोस, वरचं प्लास्टिकच वितळेल.

३३. उलट तक्रार असेल, म्हणजे घरी चालते आणि बर्फात रात्रभर राहिली की मरते, तर कॉइल रात्रभर शेडमध्ये ठेव आणि सकाळी तिथेच लगेच मोज – काही तारा आकसल्यावर सुटतात, आणि घरात आणून ऊब दिलीस की पुन्हा जुळून निरागसपणे बरोबर आकडा दाखवतात.

३४. इंजिन चालतंय पण अडखळतंय, असं असेल तर संध्याकाळी गाडी उघड्यावर काढ, मागचा भाग स्टँडवर उचल, क्लचच्या पट्ट्याचं आवरण बंद ठेव, आणि अंधारात वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारून लांबून बघ – आवरण कुठे फुटलं असेल तिथे निळ्या रेषा पळताना दिसतात. फिरत्या पट्ट्याच्या मागे आणि क्लचच्या बाजूला कुणालाही उभं करू नकोस.

३५. कॉइल सर्व परीक्षांतून पार झाली तर स्टेटरचा जोड सोडवून चार्जिंग कॉइल आणि ट्रिगर कॉइल यांचे रोध पुस्तकाशी ताडून बघ – कॉइलला जी वीज मिळते ती इथूनच निघते. हे व्होल्ट साध्या मीटरनं मोजायला जाऊ नकोस. ते इतक्या छोट्या झटक्यांत येतात की त्यांना उच्चांक धरून ठेवणारा मीटर लागतो, आणि झटका हाताला बसला तर जबर असतो.

३६. सीडीआयवर आळ सगळ्यांत शेवटी घे – त्या बंद डबीचा रोध मोजून घरी काही नक्की कळत नाही. बाकी सगळे निर्दोष सुटले तरच तिचा नंबर.

आणि एवढं करून कॉइल खरंच गेलेली निघाली, तर मनात किंतु न ठेवता नवी घे.

३७. नवी घेताना पार्ट नंबर जुळव, आकार बघून घेऊ नकोस – दिसायला सारखी असलेली बॅटरीवाल्या गाडीची कॉइल सीडीआयवर चालत नाही. तिच्या जाड वेढ्याचा रोध काही ओहम असतो आणि ठिणगी रडतखडत येते.

३८. नवी कॉइल बसवण्याआधी तिचेही सगळे रोध मोजून वहीत लिही – पुढच्या वर्षी शंका आली तर ताडून बघायला तुझ्याच कॉइलचा तिच्या चांगल्या दिवसांतला आकडा हाताशी असतो. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा त्याच्यावर माझा जास्त विश्वास.

३९. हंगाम संपला की गाडी धुऊन, वाळवून, जाड वायरी धारदार पत्र्याला किंवा तापणाऱ्या एक्झॉस्टला घासत नाहीत ना, हे बघूनच झाक – घासलेली वायर उन्हाळाभर बोलत नाही, पहिल्या बर्फात ओरडते.

४०. सीटखालच्या कप्प्यात दोन नवे प्लग, प्लगपाना, एक सुटी कॅप, पॉलिश पेपरचा तुकडा आणि टेदरची जादा दोरी ठेव – या गोष्टी तळहाताएवढ्या जागेत मावतात आणि त्यांतली एखादी तुला रात्री घरी आणते. हातमोजे काढावे लागू नयेत असा मोठ्या मुठीचा प्लगपाना घे.

४१. पहिल्या दोन-तीन स्वाऱ्या दुसऱ्या गाडीबरोबरच कर आणि घरापासून चालत परतता येईल एवढ्याच अंतरावर – दुरुस्त केलेली खोड खरंच गेली की नुसती लपली, हे गॅरेजात कळत नाही.

४२. वहीच्या पानाचा फोटो मला पाठव, तापमानासकट – स्टेटरचे आकडे पुस्तकाशी जुळत नसतील तर फ्लायव्हील उतरवावं लागेल, आणि त्याला बरोबर मापाचा पुलर लागतो. हातोड्यानं ठोकू नकोस; चुंबक निखळतात. माझ्याकडे पुलर आहे. शनिवारी १४४ नंबरच्या रस्त्यानं येईन तेव्हा तो आणि तुझ्या आईनं पाठवलेला गोडा मसाला, दोन्ही घेऊन येते.